इमारतीची निगा आणि परिसराची राखण

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इतिहासात दोन तारखा आवर्जून सांगितल्या जातात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये कारखान्याचा करार झाला. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. पुढे दुर्ग आणि भिलाई ही शहरे वाढता वाढता एकमेकांना भिडली आणि बोरसीसारख्या वस्त्या त्या जोडशहराच्या पोटात आल्या. घरे, शाळा, इस्पितळे, दुकाने, कचेऱ्या अशा हजारो इमारती तेथे झाल्या. परंतु त्यांतील पहिला नळ केव्हा गळू लागला, पहिली गच्ची केव्हा पाझरली आणि ती कोणी दुरुस्त केली, याची तारीख कोणी टिपून ठेवलेली नाही.

इमारत बांधण्यास दोन-तीन वर्षे पुरतात. ती वापरली जाते मात्र पन्नास-साठ वर्षे. या दीर्घ काळात ती दररोज पाणी घेते, वीज घेते, रंग, तेल, साबण आणि जंतुनाशके घेते. आणि त्या बदल्यात सांडपाणी, उष्णता, वायू व कचरा बाहेर टाकते. तिच्यामुळे भोवतालच्या हवेला, पाण्याला व मातीला किती उपद्रव होणार, याचा निर्णय काही अंशी स्थापत्यविशारदाच्या आराखड्यात होत असतो हे खरे. परंतु त्याहून मोठा अंश नंतरच्या पन्नास वर्षांत, नळ-कारागीर, वीजतंत्री, वातानुकूलन यंत्रांचा मिस्त्री आणि सफाई कामगार यांच्या हातून ठरतो. इमारतींची देखभाल हा आता एक मोठा व्यवसाय झालेला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस पुण्यात उभी राहिलेली भारत विकास ग्रुप ही संस्था याच व्यवसायातून दिल्लीच्या संसद भवनाच्या साफसफाईपर्यंत जाऊन पोचली. लहान शहरांतून दहा-वीस माणसांच्या बळावर हेच काम करणाऱ्या कंपन्या कितीतरी आहेत. अशा कंपनीने परिसराची राखण करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजीतील 'मेंटेनन्स' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. त्याचा मूळ अर्थ 'हातात धरून ठेवणे'. आपला 'निगा' हा शब्द फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'नजर'. एका शब्दाच्या पोटात हात आहे, दुसऱ्याच्या पोटात डोळा. ज्या व्यवसायाचे वर्णन येथे करावयाचे आहे त्याला प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी शब्दच अधिक शोभतो. कारण त्या व्यवसायातील पुष्कळशी हानी हात चुकल्यामुळे होत नाही, ती कोणाच्या नजरेस न पडल्यामुळे होते.

गळणारा थेंब

पाण्यापासून आरंभ करू. नळातून सेकंदाला एक थेंब गळत आहे अशी कल्पना करा. साधारणतः वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चोवीस तासांत सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी गेले. शहरातील एका माणसाच्या दिवसाच्या गरजेसाठी १३५ लिटर पाणी धरावे, असे आपल्याकडील पाणीपुरवठ्याचे प्रमाण आहे. त्या हिशेबाने एका नळाचा हा थेंब वर्षाकाठी एका माणसाचे अकरा-बारा दिवसांचे पाणी घेऊन जातो. शाळेतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. गळणाऱ्या नळाखाली दहा मिनिटे मोजपात्र ठेवावे आणि जमलेल्या पाण्यास १४४ ने गुणावे. दिवसाची गळती हाती येते.

नळाचा थेंब निदान दिसतो व ऐकू येतो. शौचालयाच्या टाकीतील पडदी झिजली म्हणजे पाणी भांड्याच्या कडेने निःशब्द वाहत राहते. मिनिटाला केवळ पाव लिटर गेले तरी दिवसाला ३६० लिटर होतात, म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे पाणी. ही गळती ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. टाकीच्या पाण्यात कपड्यांची थोडी नीळ कालवावी आणि पंधरा मिनिटे पाणी न सोडता थांबावे. खालच्या भांड्यात निळसर छटा दिसली की चोर सापडला. या परीक्षेला खर्च काही नाही. एखाद्या कंपनीचा माणूस तीन महिन्यांतून एकदा हातात नीळ घेऊन इमारतीतील प्रत्येक शौचालयात फिरतो की नाही, एवढ्यावरून त्या कंपनीच्या पर्यावरणविषयक घोषणांची किंमत बरीचशी कळते.

पाण्याबरोबर वीजही जाते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते पंधरा मीटर उंचीच्या गच्चीवर चढविण्यास सुमारे १४७ किलोज्यूल ऊर्जा लागते. पंप व मोटार यांतील घट धरली तर विजेचा साधारण दशांश युनिट खर्च होतो. हा आकडा लहान खरा. पण बिघडलेल्या बॉलकॉकमुळे टाकी रोज रात्री भरून वाहत असेल, तर वर्षाअखेर तो लहान राहत नाही.

हे पाणी येते कोठून आणि जाते कोठे? भिलाईच्या कारखान्यासाठी व वसाहतीसाठी तांदुळा धरण आणि त्याला जोडलेल्या कालव्यांचे पाणी मरोदा येथील जलाशयात साठविले जाते. दुर्ग शहराला शिवनाथ नदी पाणी पुरविते. वापरलेल्या पाण्याचा सुमारे चार-पंचमांश भाग सांडपाणी होऊन परत जातो, आणि या सगळ्या मुलुखाचा उतार शेवटी शिवनाथेकडे आहे. शिवनाथ पुढे महानदीस मिळते. मोरीत ओतलेले आम्ल किंवा जनित्राचे जळके तेल 'बाहेर' गेले असे आपण म्हणतो. ते बाहेर म्हणजे खालच्या गावाचा पाणवठा असतो.

गारवा आणि डास

छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्यात पारा कित्येकदा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी खिडकीतील कूलर हाच सामान्य घराचा व कचेरीचा आधार. त्याचे शास्त्र माठाचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. एक किलोवॉटची विजेची शेगडी चाळीस मिनिटांत जेवढी उष्णता देईल तेवढी. म्हणूनच वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या जाळीतून आलेला वारा थंड लागतो. वातानुकूलन यंत्राच्या मानाने कूलर वीज फारच थोडी खातो आणि कोणताही घातक वायू सोडत नाही. परिसराच्या दृष्टीने त्याच्यासारखे गुणी यंत्र दुसरे नाही असे वाटावे.

पण या गुणी यंत्राच्या तळाशी पाण्याची एक उथळ टाकी असते. पावसाळा सुरू झाला की हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते, कूलरचा उपयोग उरत नाही. तो बंद होतो आणि टाकीतले पाणी तसेच राहते. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास नेमके असे स्वच्छ, साचलेले पाणी शोधतो. उष्ण हवेत अंड्यापासून पंख फुटलेला डास तयार होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाई-दुर्ग परिसरात डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. घरोघरचे कूलर, टाक्या व भांडी तपासण्याची मोहीम अशा प्रत्येक साथीत काढावी लागते.

येथे जीवशास्त्राचा एक बारकावा कामाचा आहे. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडीत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला ती चिकटविते. ही अंडी पाणी आटल्यावरही महिनोन्‌महिने जिवंत राहतात व पुन्हा पाणी आले की उबतात. त्यामुळे टाकी नुसती उपडी करून भागत नाही. कडा ब्रशाने घासाव्या लागतात. आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा असे आरोग्य खाते सांगते, ते याच कारणाने. आता देखभालीच्या एखाद्या सामान्य कराराकडे पाहा. 'कूलरची दुरुस्ती' असे शब्द त्यात असतात. 'कूलरची टाकी दर आठवड्यास रिकामी करून घासणे' हे शब्द बहुधा नसतात. मिस्त्री म्हणतो, पंखा फिरतो आहे, माझे काम झाले. सफाई कामगार म्हणतो, यंत्राला हात लावू नये असा हुकूम आहे. दोघेही आपल्या परीने बरोबर असतात, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत डास वाढतो.

मोठ्या इमारतींच्या शीतकरण-मनोऱ्यांतही पाणी व हवा यांचीच गाठ घालून दिलेली असते, आणि तेथला धोका निराळा आहे. १९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात निवृत्त सैनिकांचे संमेलन भरले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका अज्ञात न्यूमोनियाने १८२ जण आजारी पडले आणि त्यांतील २९ दगावले. कित्येक महिन्यांच्या शोधानंतर त्यामागील जीवाणू सापडला. त्याला 'लेजिओनेला' असे नाव मिळाले. कोमट पाण्यात, गाळात व शेवाळात तो वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवरून फुप्फुसात शिरतो. मनोऱ्यातील गाळ काढणे, पाण्याची परीक्षा करणे, जंतुनाशकाची मात्रा नोंदविणे ही नीरस कामे तेव्हापासून जीवनमरणाची कामे ठरली.

'गॅस भरणे'

आता वातानुकूलन यंत्राकडे वळू. उन्हाळा तोंडावर आला की पुष्कळ कचेऱ्यांतून एक वार्षिक विधी होतो. मिस्त्री येतो, खांद्यावरचे सिलिंडर गच्चीवर नेतो आणि यंत्रात 'गॅस भरून' जातो. मालकाला वाटते, मोटारीत पेट्रोल भरावे तसेच हे आहे. ही समजूत मुळातच चुकीची आहे. यंत्रातील वायू जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. एका बंद नळीत तो एकदा द्रव होतो, एकदा वायू होतो. आतली उष्णता घेतो व बाहेर टाकतो. नळ्या पक्क्या असतील तर एकदा भरलेला वायू यंत्राच्या अखेरीपर्यंत पुरावयास हवा. वायू कमी झाला याचा अर्थ एकच: तो कोठून तरी निसटून वातावरणात गेला. भोक न बुजविता पुन्हा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

हा निसटलेला वायू कोण, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी शीतयंत्रांसाठी क्लोरोफ्लुओरोकार्बन वर्गातील पदार्थ शोधून काढले. तोपर्यंत वापरले जाणारे वायू विषारी किंवा ज्वालाग्राही होते. हे नवे वायू ना जळत, ना विषबाधा करीत. त्यांचे स्वागत झाले यात नवल नाही. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हे वायू अतिशय स्थिर असल्यामुळेच न मोडता वातावरणाच्या वरच्या थरात पोचतात; तेथे सूर्याच्या प्रखर किरणांनी त्यांतील क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला.

आपल्याकडील वातानुकूलन यंत्रांत दीर्घकाळ भरला गेलेला वायू म्हणजे आर-२२. ओझोनला त्याचा उपद्रव जुन्या वायूंपेक्षा बराच कमी, पण नाहीच असे नाही. शिवाय त्याचा दुसरा दोष आहे. पृथ्वीची उष्णता कोंडून धरण्याच्या बाबतीत शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ हा सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे खोलीतील यंत्रातून एक किलो वायू हवेत सोडून दिला, तर पावणेआठशे लिटरांहून अधिक पेट्रोल जाळल्याइतके ते झाले. तेवढ्या पेट्रोलला आग लावताना कोणाचाही हात थरथरेल. वायूची झडप उघडताना मात्र फक्त 'फुस्स' असा आवाज होतो, आणि आकाश पूर्वीसारखेच निळे दिसते.

भारतात नवी यंत्रे तयार करताना या वर्गातील वायू वापरणे २०२४ च्या अखेरीस बंद झाले. २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा अंश, मूळ प्रमाणाच्या अडीच टक्के, उरावयाचा आहे, आणि तोही २०४० पर्यंतच. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू ओझोनला धक्का लावीत नाही. उष्णतेच्या बाबतीत तो आर-२२ च्या सुमारे एक-तृतीयांश घातक आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने २०१२ पासून प्रोपेन वायूवर चालणारी यंत्रे तयार केली; त्याचा उष्णतेचा दोष नगण्य, पण तो ज्वालाग्राही असल्याने मिस्त्रीला वेगळे शिक्षण हवे. सर्व दृष्टींनी निर्दोष असा वायू अद्याप कोणाला सापडलेला नाही. म्हणून वायू कोणताही असो, तो नळीत राहील हे पाहणे हेच खरे काम.

ते काम असे चालते. यंत्र उघडण्यापूर्वी आतील वायू एका पंपाने ओढून रिकाम्या सिलिंडरमध्ये परत घेतात व वजन करतात. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. जेथे बुडबुडा फुगतो तेथे छिद्र. ते झाळून बंद केल्यावर निर्वात पंपाने आतील हवा व ओलावा काढून टाकतात, आणि शेवटी कारखान्याने सांगितलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरतात. एवढ्याला दोन-तीन तास सहज जातात. झडप उघडून वायू सोडून देणे व अंदाजाने नवा भरणे, याला अर्धा तास पुरतो. मिस्त्रीला जर दर फेरीमागे पैसे मिळत असतील आणि वैशाखाच्या उन्हात दिवसाला आठ गच्च्या चढावयाच्या असतील, तर तो कोणता मार्ग धरील हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. त्याला उपदेश करण्यापूर्वी कंपनीने त्याला परत-घेणीचे यंत्र द्यावे, आणि तीन तासांचे पैसे द्यावेत. ओझोनच्या थराचा प्रश्न असा खाली उतरत उतरत एका माणसाच्या रोजंदारीपर्यंत येतो.

जाता जाता एवढे सांगावे, की जाळीवरील धूळ धुणे आणि बाहेरच्या भागास मोकळी हवा ठेवणे यानेही वीज वाचते. आणि खोलीचे तापमान एक अंशाने वर ठेवले तर विजेत सुमारे सहा टक्के बचत होते असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे म्हणणे आहे. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली मिळतात, ती याच हेतूने.

जेथे नाकावर विश्वास ठेवू नये

साफसफाईची द्रव्ये ही या व्यवसायाची दुसरी बाजू. शौचालय स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे आम्ल बहुधा हायड्रोक्लोरिक असते आणि विरंजक द्रवात सोडियम हायपोक्लोराइट असते. ही दोन्ही एकाच वेळी ओतली म्हणजे दुप्पट स्वच्छता होईल असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो; २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद स्नानगृहात तो खोकल्याने सुरू होतो आणि फुप्फुसाच्या सुजेपर्यंत जाऊ शकतो. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवणे व त्यांवर कामगाराला वाचता येईल अशा भाषेत चिठ्ठी लावणे, हा उपाय इतका साधा आहे की तो पुष्कळदा राहून जातो.

याहून भयंकर जागा म्हणजे मैल्याची टाकी. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा उग्र वास असतो आणि हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी नाकाला तो कळतो. पण हे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास नाहीसा होतो आणि माणसाला वाटते धोका टळला. पाचशेच्या वर गेल्यास काही मिनिटांत शुद्ध हरपते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. पहिला माणूस उतरतो व कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, कधी तिसराही. बातम्यांत एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू झाल्याचे वारंवार वाचावयास मिळते, त्याचे कारण हे आहे.

२०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली. २०२३ मध्ये ती तीस लाख केली. परिसराच्या व्यवस्थापनावरील पुस्तकांत हा विषय बहुधा 'सुरक्षा' या वेगळ्या प्रकरणात टाकलेला असतो. तो वेगळा आहे असे आम्हांस वाटत नाही. इमारतीने निर्माण केलेले विष सर्वांत आधी ज्याच्या श्वासात जाते, तो माणूस परिसराचाच भाग आहे. ज्या कंपनीच्या अहवालात वाचविलेल्या कागदाचे रिम मोजलेले असतात, पण टाकी उपसणारी शोषणगाडी कोणाची व कामगाराचे शिक्षण केव्हा झाले याचा उल्लेख नसतो, तो अहवाल अपुरा समजावा.

कचऱ्याच्या इतर प्रकारांचा उल्लेख थोडक्यात करू. जुन्या ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. एका नळीतला पारा क्षुल्लक. परंतु एखाद्या इस्पितळातील शेकडो नळ्या उतरवून कोपऱ्यात फोडल्या, तर तो क्षुल्लक राहत नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या पारदविषबाधेचे नाव ज्या आंतरराष्ट्रीय कराराला दिले आहे, त्याला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. एलईडी दिव्यांत पारा नाही आणि वीजही निम्मी लागते. प्रश्न उतरविलेल्या नळ्यांचा आहे, त्या न फोडता अधिकृत संकलकाकडे गेल्या पाहिजेत. जनित्राचे व उद्वाहकाचे जळके तेल आणि बाद झालेल्या बॅटऱ्या यांनाही हाच न्याय. जुन्या छपरांवरील सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कोरडे कापू वा भोसकू नयेत, ओले करून काम करावे.

नोंदवही

परिसर-व्यवस्थापनाचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १४००१. ते १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. अमुक इतके पाणी वापरा किंवा अमुक वायू सोडू नका, असे त्यात सांगितलेले नाही. आपल्या कामाचा परिसराशी कोठे कोठे संबंध येतो ते शोधा, त्यांतील महत्त्वाचे कोणते ते ठरवा, उद्दिष्ट लिहून ठेवा, मोजा, तपासा आणि चुकले तेथे सुधारा, एवढेच ते म्हणते. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीला यात नवे काही वाटणार नाही. या मानकाचे प्रमाणपत्र चौकटीत घालून स्वागतकक्षात टांगता येते, आणि तेवढ्यावर थांबताही येते. खरी वस्तू आत असते: यंत्रखोलीच्या दाराआड खिळ्याला अडकविलेली नोंदवही. तिच्यात पाण्याच्या मीटरचा रोजचा आकडा असेल, प्रत्येक वातानुकूलन यंत्रात कोणत्या तारखेस किती ग्रॅम वायू भरला हे असेल, तर ती पुष्कळ काही बोलते. एकाच यंत्रासमोर तीन वर्षांत तीन नोंदी दिसल्या, की गळती तेथे आहे हे कळावयास परीक्षक लागत नाही. रात्री दोन वाजता सारी कचेरी बंद असताना मीटर फिरत असेल, तर कोठेतरी नळी फुटलेली आहे.

मग ही वही सर्वत्र का दिसत नाही? याचे उत्तर शास्त्रात नसून करारात आहे. देखभालीच्या कंपनीला पुष्कळदा माणसांच्या संख्येवर पैसे मिळतात: इतके सफाई कामगार, इतके तंत्री, महिन्याला इतके रुपये. पाण्याचे व विजेचे देयक इमारतीचा मालक भरतो. कंपनीने कष्ट करून दहा हजार लिटर पाणी वाचविले तर तिच्या हाती काही पडत नाही. उलट काम कमी दिसल्याने एक माणूस कमी करण्याची सूचना येण्याची भीती असते. बचतीचा काही वाटा कंपनीला व तिच्यामार्फत कामगाराला मिळावा, अशी तरतूद जेथे करारात असते तेथे निळीची परीक्षा आणि साबणाचा फेस आपोआप वापरात येतात. शाळा, ग्रंथालये व सार्वजनिक संस्था आपले करार दरवर्षी नव्याने करीत असतात. त्यांच्या कारभाऱ्यांनी दोन-चार ओळी त्यात वाढविण्यास कोणाची हरकत नसावी.

दुर्ग-भिलाईसारख्या हवेच्या गावी अशा कंपनीचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. फाल्गुन सरता सरता कूलर खाली उतरतात, जाळ्या बदलतात, टाक्यांना आतून रंग बसतो. मृग लागण्यापूर्वी गच्चीच्या पन्हळी व नळ्यांतील पालापाचोळा काढावा लागतो, नाहीतर पहिल्याच सरीत पाणी भिंतीत उतरते. आषाढापासून दर आठवड्यास टाक्यांच्या कडा घासणे, आणि पाऊस संपल्यावर कूलर बांधून ठेवण्यापूर्वी एकदा अखेरचे घासणे. कारण कोरड्या कडेवरची अंडी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत असतात. दिवाळीच्या सुमारास पिण्याच्या पाण्याच्या टाक्या धुतात. पौषात वातानुकूलन यंत्रे निवांत असतात, कोणाची तक्रार येत नाही, आणि बहुतेक कंपन्या तेव्हा माणसे दुसरीकडे पाठवितात. गळती शोधण्याचा मोसम खरे तर तोच. गच्चीवर ऊन कोवळे असते, मिस्त्रीला पुढच्या गच्चीची घाई नसते, आणि सांध्यावरच्या फेसात बुडबुडा फुगतो की नाही हे पाहत थांबण्याइतका वेळ त्याच्याजवळ असतो.